खालच्या तुकड्याची तोडणी

कंपनीचे अधिकारी खालच्या तुकड्याच्या बांधावर उभे राहून म्हणाले, "हा एक एकर आत्ता तोडायचा नाही. अजून महिनाभर राहू द्या वेलीवर." त्या दिवशी माझी बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती. दोन दिवसांनी मी पुण्याला जाणार होते. नवरा चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला होता आणि आमची सहा वर्षांची मुलगी जूनपासून त्याच्याजवळ राहून पहिलीत जात होती. तिला सांभाळायला माझी आई बार्शीहून तिथं जाऊन राहिली होती. मी मात्र सासरी होते, वाशीपासून आठ किलोमीटरवरच्या गावात. सासू, सासरे, मी आणि तीन एकर द्राक्षबाग.

ही द्राक्षं खायची नव्हती, वाइनची होती. शेनिन ब्लाँ नावाची जात. मणी बारीक, साल पातळ, आत बिया. वाशीच्या बाजारात फुकट दिली तरी कुणी पिशवी पुढं केली नसती. सासऱ्यांनी आठ वर्षांपूर्वी चार तासांवरच्या एका वायनरीशी, वाइन बनवणाऱ्या कंपनीशी, करार करून ती लावली होती. दुसरं गिऱ्हाईक नाही, त्यामुळं कंपनी म्हणेल तेव्हा तोडायची आणि नको म्हणेल तोवर सांभाळायची. सासरे माळकरी. उभ्या जन्मात त्यांनी दारूला हात लावला नव्हता. कुणी टोमणा मारलाच तर म्हणायचे, "आमी द्राक्षं पिकवतो. पुढं त्याचं काय करायचं ते कंपनीला इचारा."

अधिकारी समजावून सांगत होते. या वर्षी त्यांना गोड वाइन करून बघायची होती. द्राक्षं पिकल्यावरही वेलीवरच ठेवायची, पाणी तोडायचं, मणी उन्हानं सुरकुतू द्यायचे. आतलं पाणी उडून जातं आणि साखर घट्ट होते. मग रस आंबवला तरी सगळी साखर संपत नाही, म्हणून वाइन गोड राहते. सासरे मान जरा तिरकी करून ऐकत होते. सगळं ऐकून म्हणाले, "ठेवतो. शब्द दिला."

घरी आल्यावर मी म्हणाले, "मामा, मी परवा जाणार होते." आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या.

ते ओट्यावर बसले होते. "निस्ता एक महिना, पोरी. त्याची साखर रोज मोजावी लागंल. मोजायला कोण हाय मला?"

मी बॅग पलंगाखालीच राहू दिली. कारण मामांना दिसत नाही, हे त्या घरात फक्त मलाच माहीत आहे असं मी समजत होते.

ते मला कळलं होतं दीड वर्षापूर्वी, फळछाटणीच्या दिवसांत. औषधाची बाटली माझ्यापुढं धरून ते म्हणाले, "जरा वाच गं, किती टाकायचं लिव्हलंय. चष्मा घरी राहिला." चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता, काडी वर आलेली दिसत होती. मी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी लक्ष ठेवायला लागले. ओळीतून चालताना ते प्रत्येक खांबाला हात लावून पुटपुटत मोजायचे. नाकासमोरचं त्यांना दिसायचं, पण बाजूनं आलेलं माणूस, वाटेत ठेवलेली बादली, अर्धं उघडं दार यांचा त्यांना पत्ता नसायचा. उजव्या कोपरावर कायम खरचटलेलं असायचं.

एके दिवशी मी सरळ विचारलं. ते बांधावर बसले आणि बराच वेळ मातीचं ढेकूळ बोटांनी फोडत राहिले. "मोतीबिंदू हाय," ते म्हणाले. "पिकला की काढून टाकू. पण त्याला सांगू नको." त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. "त्याला कळलं तर तो बाग मोडंल. इथं यायचा न्हाय, आन मला एकट्याला करू बी द्यायचा न्हाय."

मी हो म्हणाले. मी बीएस्सी झालेली आहे, रसायनशास्त्र घेऊन. तरी मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं असतं हे मला खरं वाटलं, याची आजही लाज वाटते. वाशीत डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा मी एकदा विषय काढला होता. "छाटणी उरकू दे," ते म्हणाले. छाटणी उरकल्यावर मी पुन्हा विचारलं नाही.

आणि सुरुवातीला मला ते सगळं आवडलं, हेही सांगायला हवं. त्याआधीची सहा वर्षं मी त्या घरात भाकरी थापत, धुणं वाळत घालत काढली होती. आता बागेत माझ्यावाचून पान हलत नव्हतं. पानाच्या मागं डावणी बुरशीचा पांढरा डाग कसा ओळखायचा, घड कुठं विरळ करायचा, कोणत्या दिवशी कोणता फवारा, हे मामांनी मला शिकवलं आणि मी वहीत उतरवून ठेवलं. साखर मोजायचं यंत्र असतं, छोट्या दुर्बिणीसारखं. मणी दाबून दोन थेंब काचेवर टाकायचे, उजेडाकडं धरून डोळा लावायचा. निळं आणि पांढरं जिथं मिळतं तो आकडा. मी आकडा सांगितला की मामा मनाशी काहीतरी जुळवायचे आणि पाणी किती सोडायचं ते ठरवायचे. गावात त्यांचं कौतुक व्हायचं, सुनेला बाग शिकवली म्हणून. आम्ही दोघंही ते ऐकून घ्यायचो.

मग जून आला. नवरा आम्हा दोघींना न्यायला आला, ठरल्याप्रमाणं. मी म्हणाले, "आत्यांचं बीपी वाढलंय. मी जरा थांबते." तो आईकडं गेला, तिला विचारून परत आला. "ती तर म्हणते बरी हाय." मी म्हणाले, त्या सांगत नाहीत. फाट्यावर एसटीत चढताना मुलीनं दप्तर पोटाशी धरलं होतं. नवरा खाली उतरून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुला यायचंच नाही, असं सरळ सांग ना."

मी सांगू शकले नाही. त्या संध्याकाळी मी मामांना विचारलं, "सांगू का त्यांना?" मामा गोठ्यात गाईच्या पाठीवरून हात फिरवत होते. ते एवढंच म्हणाले, "तोडणी होऊ दे."

तर ती तोडणी झाली, दोन एकरांची झाली, आणि खालचा तुकडा उरला.

तो महिना मला दिवसांनी आठवत नाही, कारण सगळे दिवस सारखेच होते. घरापासून खालच्या तुकड्यापर्यंत चारशे बारा पावलं. मामांनी मोजलेली, मलाही पाठ झालेली. सकाळी जायचं, दुपारी भाकरी खायला यायचं, पुन्हा जायचं. घड पिवळे झाले, मग तांबूस, मग सालीवर सुरकुत्या पडल्या. पाखरांपासून वाचवायला पूर्ण तुकड्यावर जाळी टाकली होती. तरी साळुंक्या कुठूनतरी आत शिरायच्या आणि बाहेर पडता न आल्यानं जाळीला धडका देत राहायच्या. मधमाश्या आणि गांधीलमाश्या तर दिवसभर असायच्या. ऊन चढलं की फुटक्या मण्यांचा आंबूस, गुळासारखा वास अंगाला चिकटायचा. घरी येऊन आंघोळ केली तरी केसांतून जायचा नाही. आत्या नाक मुरडून म्हणायच्या, "दारूच्या गुत्त्यातून आल्यावानी वास येतोय तुला."

माझ्याबरोबर एक मावशी असायच्या. बाग लावली तेव्हापासून त्या कामाला यायच्या. पलीकडच्या बौद्ध वस्तीत त्यांचं घर. मुलगा लातूरला सरकारी नोकरीत होता आणि आईला चल म्हणत होता. मावशींना तिथं करमत नव्हतं. आम्ही दोघी पत्र्याचा डबा वाजवत जाळीच्या कडेकडेनं फिरायचो.

"लेकराला इथंच आण की," त्या एकदा म्हणाल्या. "इथं काय शाळा न्हाय व्हय?"

"तिच्या वडलांना नको आहे."

"मग तू जा."

मी डबा वाजवत पुढं गेले.

घरात मोबाइलला नीट रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात यायची. संध्याकाळी मी तिथं उभी राहायचे. मुलीचा पहिला दात पडला तो मी पडद्यावर पाहिला. तिनं तोंड उघडून फट दाखवली. "आज्जीनं दोरा बांधला आन ओढला. रक्त आलं. तू कशाला राहिलीस तिकडं?" मी म्हणाले, "द्राक्षं राखायला." ती म्हणाली, "मग आण ना इकडं द्राक्षं." मागून नवऱ्याचा आवाज आला, "चल, अभ्यास." तो आताशा स्वतः फोनवर येत नव्हता.

एका सकाळी मी खरंच निघाले. वाशीला जाऊन येते असं सांगितलं, बॅग पिशवीत कोंबली आणि फाट्यावर जाऊन उभी राहिले. पुण्याची गाडी आली. कंडक्टरनं दार उघडून धरलं. मी पायरीवर पाय ठेवला आणि मला त्याच सकाळचं आठवलं. मामांनी पंपात औषध ओतायला घेतलं होतं, बाटलीचं बूड उचललं होतं आणि मला वास वेगळा आला. ती तणनाशकाची बाटली होती. मी हात धरला नसता तर सगळी बाग जळून गेली असती. मामा तेव्हा हसले होते. "सारख्याच दिसतात गं बाटल्या." त्या सारख्या दिसत नव्हत्या. एक पांढरी होती आणि एक निळी.

"बाई, यायचं का न्हाय?" कंडक्टर म्हणाला.

मी पाय मागं घेतला. गाडी गेल्यावर धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी होते. मला रडू आलं नाही, राग आला. मामांचा, नवऱ्याचा, त्या अधिकाऱ्याचा, आणि जाळीखाली सुकत लोंबणाऱ्या त्या एक एकराचा. मग बॅग घेऊन परत आले. आत्यांनी विचारलं, "वाशीला गेली न्हाईस?" मी म्हणाले, गाडी भरून आली होती.

साखर सत्तावीसवर आली. कंपनीला एकोणतीस हवी होती. अधिकारी फोनवर म्हणाले, चार-पाच दिवस. त्या दुपारी मी आत्यांच्या गोळ्या आणायला वाशीला गेले होते. मेडिकलमधून बाहेर आले तर बार्शीच्या बाजूनं आभाळ काळंकुट्ट झालेलं. जीपवाल्याला मी हातापाया पडून लवकर काढायला लावलं. अर्ध्या वाटेवर वारं सुटलं आणि मोठे थेंब पडायला लागले. फाट्यावर उतरले तेव्हा रस्त्यावर लिंबाच्या फांद्या पडल्या होत्या.

आत्या दारातच होत्या. "तुझा मामा मळ्यात गेलाय. जाळी बांधतो म्हनला. मी नको नको म्हनत होते."

"कधी गेले?"

"तास झाला आसंल."

मी पळत सुटले. खालच्या तुकड्याची जाळी एका बाजूनं पूर्ण खाली आली होती, वेलींवर आणि ओळींच्या मधल्या वाटांवरही. पाऊस तोवर ओसरला होता. मावशी वरच्या बांधाला आडोशाला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मामा घरी गेले असतील. मी हाका मारत आत शिरले. वाकून, जाळी डोक्यावर धरून एक एक ओळ बघत गेले. उत्तर नाही. ओल्या जाळीला मधमाश्या चिकटून वळवळत होत्या.

सातव्या ओळीत ते सापडले. उभे होते. दोन्ही हातांनी तार घट्ट धरलेली, डोक्यावरून जाळी ओघळलेली, टोपी खाली चिखलात. सदरा अंगाला चिकटला होता आणि त्यावर दोन-तीन मधमाश्या चालत होत्या. मी हाक मारली तेव्हा त्यांनी मान वळवली, पण दुसऱ्याच बाजूला.

"मामा, मी इकडं."

"हळू बोल," ते म्हणाले. "मावशी बाहेर हाय ना?"

"तुम्ही ओ का दिली नाहीत? मी किती हाका मारल्या."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "कितव्या ओळीत हाय मी?"

"सातव्या."

"मला वाटलं तिसऱ्या." ते तार सोडत नव्हते. "खांब मोजत आलो. मंग वाऱ्यानं जाळी अंगावर आली आन मोज चुकली. कुठं वळायचं तेच कळंना. म्हनलं, तू येशील."

मी जाळी सोडवली. त्यांचे हात तारेवरून काढताना जोर लावावा लागला, इतके ते आखडले होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा मावशींनी सगळं पाहिलं होतं. आत जाऊन चिखलातली टोपी त्यांनी उचलली, झटकली आणि माझ्या हातात दिली.

घरी त्यांना कोरडे कपडे दिले, चहा दिला. मग मी आत्यांना म्हणाले, "आत्या, तुम्हाला एक सांगायचंय. मामांना दिसत नाही."

आत्या चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "मला काय ठावं न्हाय व्हय? दोन वर्षं झाली, ताटात चटणी कुठं आन भाजी कुठं ते जागा ठरवून वाढते मी. भाकरी कायम डाव्या हाताला." त्या थांबल्या. "तुला कळलं तर तू जाशील, म्हनून बोलले न्हाय."

दीड वर्ष आम्ही दोघी एकाच चुलीपुढं बसत होतो.

मी गच्चीवर गेले आणि नवऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "उद्या येतो," आणि फोन ठेवला.

तो पहाटे भाड्याची गाडी घेऊन निघाला आणि नऊच्या सुमारास पोचला. त्याच वेळी कंपनीचा फोन आला. पाऊस लागलाय, आता थांबलो तर घड सडतील, आजच तोडा, दुपारी पिकअप पाठवतो. नवऱ्यानं मामांना सोलापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं होतं. मला बरोबर जायचं होतं. तो गाडीचं दार उघडून मामांना बसवत होता. मी म्हणाले, "मीही येते." तो म्हणाला, "तोडणी कोण करणार?" त्यानं ते टोचून म्हटलं की साधंच, मला कळलं नाही. खरोखरच दुसरं कुणी नव्हतं.

आम्ही आठ बायका होतो. कात्रीनं घड कापायचा, फिरवून बघायचा, बुरशी आलेले मणी खुडून टाकायचे, मगच क्रेटमध्ये ठेवायचा. घड इतके सुकले होते की हातात घेतलं तर वजनच लागत नव्हतं. एक बाई म्हणाली, "ही द्राक्षं हायत का मनुके?" दुपारपर्यंत बोटं एकमेकांना चिकटायला लागली. एरवी या तुकड्यातून जेवढे क्रेट निघायचे त्याच्या निम्मेही भरले नाहीत. मी शेवटचं म्हणून दोन थेंब काचेवर टाकले. पावसानं साखर एकानं उतरली होती, सव्वीस. अधिकाऱ्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, चालेल, पाठवा.

पिकअप भरत असताना नवऱ्याचा फोन आला. मी चिकट हातानंच उचलला.

"मोतीबिंदू नाही," तो म्हणाला. "काचबिंदू आहे. डोळ्याच्या आतल्या दाबानं शीर गेली. उजवा पूर्ण गेला, डावा थोडा राहिलाय."

"ऑपरेशन?"

"गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर. वर्षभर आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, म्हणाले." मागं दवाखान्यातला गलका होता. "तुला माहीत होतं," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

पिकअपचा ड्रायव्हर पावतीवर सही मागत होता. मी सही केली. गाडी गेली. बायका हात धुवायला हौदावर गेल्या. मी खालच्या तुकड्यात रिकाम्या वेलींमध्ये बसून राहिले. मावशी येऊन शेजारी बसल्या. त्यांनी माझ्या पदराला चिकटलेलं एक पान काढून टाकलं आणि बसून राहिल्या.

त्यानंतर सगळं भराभर झालं. बाग चुलतदिरांना वाट्यानं दिली. गाय त्यांच्याच दावणीला गेली. जूनमध्ये आम्ही सगळे चाकणला आलो, मामा-आत्यासुद्धा, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. ज्यासाठी मी वर्षभर थांबले होते ते मला मिळालं. मुलगी शाळेतून आली की पहिल्यांदा आज्जीला हाक मारायची, म्हणजे माझ्या आईला. आई बार्शीला परत गेल्यावरही कितीतरी दिवस तिच्या तोंडून तीच हाक निघायची, मग ती जीभ चावायची.

मामांच्या डाव्या डोळ्यात दिवसातून तीनदा थेंब टाकायचे होते. ते काम नवरा माझ्याकडं देत नसे. कारखान्यातून दुपारी दहा मिनिटांची सुट्टी काढून घरी यायचा, थेंब टाकायचा, पाणी न पिता परत जायचा. मी त्याला एकदा म्हणाले, "मी टाकीन ना." तो म्हणाला, "नको. माझं मी बघतो." त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी फसवलं होतं, आणि ज्या माणसासाठी फसवलं त्याचे डोळे त्यातच गेले होते.

मामा दिवसभर गॅलरीत खुर्चीवर बसायचे. समोर दुसरी इमारत, मध्ये दहा फुटांचं अंतर. ऊन तिथं यायचंच नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातली पावलं मोजली, सगळी मिळून एकोणीस निघाली. मग मोजणं सोडून दिलं. आत्या देवळात जायच्या, बायकांशी बोलायच्या, त्यांचं जरा बरं चाललं होतं. मामांशी बोलायला मीच. पण बागेत आम्ही दिवसभर बोलायचो, इथं बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कधी ते विचारायचे, "आभाळ आलंय का?" मी गॅलरीतून वाकून वर बघायचे तेव्हा कुठं पट्टीएवढं आभाळ दिसायचं.

पुढच्या उन्हाळ्यात चुलतदीर आले. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आमच्यासाठी पाठवली होती. नेहमीच्या बाटलीपेक्षा लहान, उभट. खालच्या तुकड्याची गोड वाइन. आत्या म्हणाल्या, "हे घरात नको," आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या. रविवार होता, नवरा घरी होता. त्यानं बाटली उघडली. बूच ओढायचं काही नव्हतं घरात, चाकूनं कोरून कोरून काढलं. आमच्याकडं काचेचे पेलेही नव्हते. स्टीलच्या फुलपात्रात ओतली.

तो एक घोट प्यायला आणि फुलपात्र माझ्याकडं सरकवलं. मी पहिल्यांदाच वाइन पीत होते. आधी मधासारखं घट्ट गोड लागलं. मग वाळत घातलेल्या आंबापोळीसारखं काहीतरी, आणि ते गिळल्यावर जिभेच्या कडांना आंबट. त्या आंबटानं गोडी तोंडात बसून राहत नव्हती. फार चांगली होती. ती चांगली आहे हे मला सहन होईना. मी फुलपात्र खाली ठेवलं.

"मला दे," मामा म्हणाले.

नवरा चमकला. "दादा, माळ आहे तुमची."

"पीत न्हाय. वास घेतो."

मी फुलपात्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही तळव्यांत धरलं, नाकाशी नेलं. बराच वेळ धरून ठेवलं. "रंग कसला हाय?"

"पिवळा. जुन्या तुपासारखा."

"सडका वास न्हाय," ते म्हणाले. "पावसाचा मणी आत गेला न्हाय. नीट निवडलंस." मग फुलपात्र परत देत म्हणाले, "बाटलीवर काय लिव्हलंय?"

मी वाचून दाखवलं. कंपनीचं नाव, जातीचं नाव, थंड करून प्यावी, गोड पदार्थांबरोबर प्यावी. त्यांनी गावाबद्दल विचारलं. गावाचं नाव कुठंच नव्हतं. त्यांनी मान हलवली. आणि त्याच सुरात, काही मोठं बोलतोय असं न दाखवता, मुलाला म्हणाले, "मला गावाकडं नेऊन सोड. दिसंना का. तिथं मला ठावं तरी हाय काय कुठं हाय ते."

नवरा म्हणाला, "कोण बघणार तुम्हाला तिथं?"

मामा माझ्याकडं वळले नाहीत. मी श्वास रोखून बसले होते, आणि त्यांना ते कळलं असावं. "हिला न्हाय न्यायची," ते म्हणाले. "हिनं लई केलं."

नवऱ्यानं तेव्हा माझ्याकडं पाहिलं. वर्षभरात त्यानं तसं पाहिलं नव्हतं. रात्रीचे थेंब टाकायची वेळ झाली तेव्हा औषधाची बाटली त्यानं माझ्या हातात दिली.

दिवाळीत आम्ही मामा-आत्यांना गावी पोचवलं. चुलतदिरांनी घराच्या ओट्यापासून खालच्या तुकड्यापर्यंत खांब रोवून दोर बांधला आहे. मामा तो धरून रोज जाऊन येतात. आत्या थेंब टाकतात, आणि दुपारचे विसरतात. मी रोज दोन वाजता फोन करते, थेंब पडले का विचारायला. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मला काम मिळालं आहे, तिथून करते. कधी फोन लागत नाही. गच्चीच्या कोपऱ्याशिवाय घरात नीट रेंज नाही, आणि आत्यांना आता जिना चढवत नाही. मग मी पुन्हा लावते. नळीतल्या पाण्याचा रंग बदलायची वाट बघत, फोन कानाशी धरून उभी असते. शेजारची मुलगी विचारते, "मॅडम, काही अर्जंट आहे का?" मी नाही म्हणते आणि पुन्हा लावते.